क्रॉफर्ड गेला, आता कोण?

१३ सप्टेंबर २०२५च्या रात्री लास व्हेगासच्या अलीजंट स्टेडियममध्ये सत्तर हजारांवर प्रेक्षकांसमोर टेरेन्स क्रॉफर्डने सॉल ‘कनेलो’ अल्वारेझला हरवलं. तिन्ही पंचांचा कौल त्याच्याच बाजूने होता. क्रॉफर्ड तेव्हा ३७ वर्षांचा होता आणि या लढतीसाठी दोन वजनगट वर चढून आला होता. जगभरात चार कोटींहून अधिक लोकांनी ही लढत पाहिल्याचं नेटफ्लिक्सने नंतर जाहीर केलं. डिसेंबरात क्रॉफर्डने निवृत्ती पत्करली. ४२ लढती, ४२ विजय. तीन वेगवेगळ्या वजनगटांत चारही संघटनांचे पट्टे एकाच वेळी मिळवणारा पुरुषांमधला तो पहिलाच.

या कहाणीत एक विचित्र गोष्ट आहे. नेब्रास्कातल्या ओमाहा शहराचा हा माणूस २००८ पासून व्यावसायिक रिंगमध्ये होता. डावखुरा आणि उजवा असे दोन्ही पवित्रे तो एकाच फेरीत बदलायचा, प्रतिस्पर्ध्याला दोन-तीन फेऱ्या नुसता वाचायचा आणि मग मोडून काढायचा. जाणकार त्याला दहा वर्षं डोक्यावर घेऊन नाचत होते. पण त्या चार कोटींतल्या बहुतेकांनी त्याला पहिल्यांदा पाहिलं ते बहुधा त्याच्या अखेरच्या लढतीत. माझ्या मते बॉक्सिंगच्या भवितव्याचा प्रश्न इथे दडलेला आहे. मोठे खेळाडू निवृत्त होतात याची काळजी करण्याचं कारण नाही, ते व्हायचेच. ते मोठे आहेत हे लोकांना इतक्या उशिरा कळतं, याची मात्र करायला हवी.

‘हा गेला, आता बॉक्सिंग संपलं’ ही हाकाटी या खेळाइतकीच जुनी आहे. १९४९ मध्ये जो लुईस निवृत्त झाला. बारा वर्षं जगज्जेता, २५ वेळा विजेतेपद राखलेला. तेव्हा हेच म्हटलं गेलं, आणि दोन-अडीच वर्षांत रॉकी मार्सियानो पुढे आला. मार्सियानो १९५६ मध्ये ४९ लढतींत एकही न हरता बाहेर पडला, त्याच वर्षाच्या अखेरीस २१ वर्षांच्या फ्लॉइड पॅटरसनने रिकामी गादी मिळवली. पॅटरसन फार भव्य वाटला नाही, तेव्हा पुन्हा सुतक. चार वर्षांनी रोम ऑलिंपिकमध्ये लुइव्हिलचा एक बडबड्या पोरगा सुवर्णपदक घेऊन गेला. त्याचं नाव कॅशियस क्ले. पुढचा मुहम्मद अली.

अलीनंतर काय झालं, हे जरा बारकाईने बघण्यासारखं आहे. अलीची शेवटची लढत ११ डिसेंबर १९८१ रोजी बहामाजमधल्या नासाउ इथे ट्रेव्हर बर्बिकशी झाली. आयोजन इतकं गबाळं होतं, की फेरी सुरू-बंद करायला गायीच्या गळ्यात बांधतात तसली घंटा वापरावी लागली. चाळिशीला टेकलेला अली दहा फेऱ्या मंदपणे लढला आणि हरला. इतक्या मोठ्या माणसाचा शेवट इतका केविलवाणा झाला, तरी खेळाला धक्का बसला नाही. कारण तीनच महिन्यांपूर्वी शुगर रे लेनर्डने टॉमी हर्न्सला चौदाव्या फेरीत थांबवलं होतं आणि अमेरिकेतल्या घराघरांत लेनर्डचं नाव पोचलेलं होतं.

ते पोचलं कसं? १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये अमेरिकेने बॉक्सिंगची पाच सुवर्णपदकं जिंकली, त्यातलं एक लेनर्डचं. एबीसी वाहिनीवर हे सगळं फुकट दिसत होतं. हसरा, देखणा, चपळ मुलगा. वडील आजारी, घरात पैशांची चणचण, त्यामुळे आधी नको-नको म्हणत असलेला लेनर्ड फेब्रुवारी १९७७ मध्ये व्यावसायिक झाला. त्याची पहिलीच लढत सीबीएसने राष्ट्रीय वाहिनीवर दाखवली. कोपऱ्यात होता अलीचाच प्रशिक्षक अँजेलो डंडी. पुढची तीन-चार वर्षं लोकांनी लेनर्डला वाढताना पाहिलं. १९८० मध्ये तो रॉबर्टो दुरानकडून हरला, आणि पाच महिन्यांत परतीच्या लढतीत दुरानला त्याने असं भंडावून सोडलं, की दुराननेच आठव्या फेरीत पाठ फिरवली. तोवर प्रेक्षकांना लेनर्डची खोड न् खोड माहीत झाली होती. हॅग्लर, हर्न्स, दुरान आणि लेनर्ड या चौकडीने मग ऐंशीचं दशक खाऊन टाकलं. वजनदार गटातली पोकळी मधल्या वजनांनी भरून काढली, आणि दशक संपायच्या आत माइक टायसन नावाचं वादळही आलं.

फुकटच्या टीव्हीची आरती ओवाळावी, तर त्यालाही दुसरी बाजू आहे. पन्नासच्या दशकात अमेरिकेत आठवड्यातून अनेक रात्री टीव्हीवर बॉक्सिंग असायचं. जिलेटने प्रायोजित केलेली शुक्रवारची लढत तर ठरलेलीच. न्यूयॉर्करसाठी बॉक्सिंगवर लिहिणारा ए. जे. लिबलिंग तेव्हाच तक्रार करत होता, की बिअर आणि दाढीची पाती खपवायला खेळ असा फुकट वाटला, तर गल्लीबोळांतले छोटे क्लब ओस पडतील. घरबसल्या जगज्जेता दिसत असताना कोपऱ्यावरच्या हॉलमध्ये पैसे मोजून नवशिका बघायला कोण जाणार? क्लब खरोखरच बंद पडत गेले. आणि क्लब म्हणजे बॉक्सर घडायची जागा. हेन्री आर्मस्ट्राँगने १९३७ या एका वर्षात २७ लढती केल्या आणि सगळ्या जिंकल्या. आज पहिल्या फळीचा बॉक्सर वर्षातून एकदा, फार तर दोनदा रिंगमध्ये उतरतो. आर्मस्ट्राँगसारखं माणसाला राबवावं असं कोणी म्हणणार नाही. पण वर्षाकाठी एक लढत करणाऱ्याशी प्रेक्षकाची ओळख व्हायची तरी कधी?

टीव्हीने आणखी एक गोष्ट घरात आणली होती. १९६२ मध्ये एमिल ग्रिफिथचे ठोसे खाऊन बेनी पॅरेट कोसळला, तो राष्ट्रीय प्रक्षेपण चालू असताना, आणि दहा दिवसांनी दगावला. १९८२ च्या नोव्हेंबरात कोरियाच्या किम ड्युक-कूच्या बाबतीत तेच झालं. जेवणाच्या टेबलावरून माणूस मरताना दिसला. त्यानंतर जागतिक विजेतेपदाच्या लढती पंधराऐवजी बारा फेऱ्यांच्या झाल्या.

हळूहळू खेळ फुकटच्या वाहिन्यांवरून सरकला. एचबीओ ही केबलवाहिनी जानेवारी १९७३ मध्येच बॉक्सिंगमध्ये उतरली होती. जॉर्ज फोरमनने जो फ्रेझरला दोन फेऱ्यांत सहादा खाली पाडलं, ती किंग्स्टनची लढत तिने दाखवली. नव्वदीत ‘पे-पर-व्ह्यू’ फोफावलं. वर्गणी भरलेली असली, तरी मोठ्या लढतीसाठी निराळे पैसे भरायचे. प्रमोटरांच्या दृष्टीने हा कल्पवृक्षच. लाखो लोकांकडून थेट पैसा, मधे जाहिरातदाराची मनधरणी नाही.

या व्यवहाराचं टोक म्हणजे २ मे २०१५ ची फ्लॉइड मेवेदर विरुद्ध मॅनी पॅकियाओ लढत. खरं तर ही व्हायला हवी होती २०१० च्या सुमारास, जेव्हा दोघेही ऐन भरात होते. रक्तचाचण्यांच्या अटींवरून बोलणी फिसकटली. पुढे मेवेदर शोटाइमकडे गेला, पॅकियाओ एचबीओकडे राहिला, म्हणजे दोन दुश्मन दुकानं. अखेर दोन्ही वाहिन्यांनी एकत्र येऊन लढत दाखवली, तोवर मेवेदर ३८ वर्षांचा आणि पॅकियाओ ३६ वर्षांचा झाला होता. दर होता सुमारे शंभर डॉलर. ४६ लाख घरांनी तो मोजला. नुसती ही कमाई ४० कोटी डॉलरच्या वर गेली. स्टेडियममधल्या तिकिटांचे सात कोटींहून अधिक वेगळे. लढत मात्र बेचव झाली. मेवेदर नेहमीप्रमाणे खांद्याआड लपत, एकेक ठोसा मोजत जिंकला. पॅकियाओचा खांदा दुखावलेला होता हे नंतर कळलं.

मला वाटतं, त्या रात्री बॉक्सिंगने आपल्या मुलांच्या नावची ठेव मोडून खाल्ली. शंभर डॉलर देऊन जांभया देत झोपायला गेलेला माणूस पुढच्या वेळी कोण्या नव्या पोरासाठी साठ डॉलर कशाला काढेल? आणि न काढणाऱ्याला तो पोरगा दिसणारच नव्हता. एचबीओने २०१८ च्या अखेरीस, ४५ वर्षांनंतर, बॉक्सिंग बंद केलं. शोटाइमने २०२३ च्या अखेरीस. क्रॉफर्डची उमेदीची वर्षं नेमकी याच काळात गेली. एरल स्पेन्सबरोबरची त्याची लढत सगळ्यांना हवी होती, पण एकाचा प्रमोटर आणि वाहिनी निराळी, दुसऱ्याची निराळी. ती झाली २०२३ मध्ये. क्रॉफर्डने स्पेन्सला नवव्या फेरीत थांबवलं.

चांगल्या लढती वेळेवर का होत नाहीत, हे कुस्तीचं मैदान पाहिलेल्याला लगेच कळेल. गावच्या जत्रेत यात्रा कमिटी जोड लावते. समजा कमिटीच नाही, प्रत्येक तालमीच्या वस्तादाने आपापलं मैदान उघडलंय, आपला पैलवान दुसऱ्याच्या मैदानात पाठवायचा नाही अशी शपथ घातलीय, आणि वर चार वेगवेगळे मानकरी चार गदा घेऊन बसलेत. बॉक्सिंगमध्ये हेच चालतं. डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ आणि डब्ल्यूबीओ या चार संघटना; सतरा वजनगट; म्हणजे एका वेळी अडुसष्ट जगज्जेते असू शकतात, शिवाय ‘हंगामी’ आणि ‘सुपर’ असे जादा जगज्जेते वेगळेच. विजेतेपदाची लढत झाली, की संघटना बॉक्सरच्या मानधनातून आपला वाटा कापते, साधारण तीन टक्क्यांपर्यंत. जितके पट्टे, तितकं शुल्क. मग पट्टे कमी कोण करणार? क्रॉफर्डने कनेलोला हरवल्यावर डब्ल्यूबीसीला शुल्क दिलं नाही, आणि निवृत्तीच्या थोडंच आधी डब्ल्यूबीसीने आपला पट्टा काढून घेतला. त्याला त्याची फारशी खंत वाटलेली दिसली नाही.

या गोंधळात गेल्या काही वर्षांत सौदी अरेबियाचा पैसा उतरला. तिथल्या मनोरंजन प्राधिकरणाचे प्रमुख तुर्की अलालशेख यांना बॉक्सिंगचं वेड आहे आणि तिजोरीला तळ नाही. वर्षानुवर्षं एकमेकांशी न बोलणारे फ्रँक वॉरन आणि एडी हर्न हे दोन ब्रिटिश प्रमोटर त्यांच्यापुढे एका टेबलावर बसले. १८ मे २०२४ रोजी रियाधमध्ये युक्रेनच्या ओलेक्सांद्र उसिकने टायसन फ्युरीला हरवलं, आणि १९९९ मधल्या लेनॉक्स लुईसनंतर पहिल्यांदा हेवीवेट गटाला एकच निर्विवाद जगज्जेता मिळाला. पंचवीस वर्षं जे जमलं नव्हतं, ते पैशाने जमवून दाखवलं. त्याच वर्षी आर्तुर बेतेर्बिएव आणि दिमित्री बिवोल यांचीही गाठ पडली. अलालशेख यांनी १९२२ पासून चालत आलेलं ‘द रिंग’ मासिकसुद्धा विकत घेतलं. सौदी राजवट आपल्या मानवाधिकारांच्या नोंदींवर खेळांचं पांघरूण घालतेय, ही टीका आहेच, आणि ती मला रास्त वाटते. पण बॉक्सिंगने स्वच्छ हातांच्या धन्याची वाट कधी पाहिली होती? पूर्वी गुंडांच्या टोळ्या होत्या.

या पैशाची खरी अडचण रिंगमध्ये दिसली. मे २०२५ मध्ये रियाधला कनेलो अल्वारेझ आणि विल्यम स्कल यांची लढत झाली. बारा फेऱ्यांत दोघांनी मिळून ४४५ ठोसे टाकले. ठोसे मोजणाऱ्या कॉम्प्युबॉक्स संस्थेच्या नोंदीत बारा फेऱ्यांच्या पूर्ण लढतीतला हा नीचांक. एक दिवस आधी न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये, भर रस्त्यात रिंग उभारून, निवडक पाहुण्यांसमोर झालेल्या लढतीही अशाच निपचित होत्या. तिकीट खपो न खपो, बॉक्सरचं मानधन ठरलेलं. समोर आपलं गाव नाही, आपली माणसं नाहीत. अशा वेळी धोका पत्करून ठोसा टाकावा कशाला? उलट सप्टेंबर २०२४ मध्ये लंडनच्या वेम्बलीत अँथनी जोशुआ आणि डॅनियल डुबॉ यांच्यासाठी ९६ हजार लोक आले होते. पैसा सौदीचाच होता, पण गर्दी आपली होती. डुबॉने जोशुआला पाचव्या फेरीत आडवं केलं, तो आवाज रियाधच्या वातानुकूलित हॉलमधून येणार नाही.

सौदीच्या ‘सेला’ या कंपनीला सोबत घेऊन अमेरिकेतल्या टीकेओ समूहाने आता ‘झुफा बॉक्सिंग’ सुरू केलंय. मिश्र मार्शल आर्ट्सची यूएफसी आणि नाटकी कुस्तीची डब्ल्यूडब्ल्यूई ज्यांच्या मालकीच्या, तेच हे लोक. सूत्रं यूएफसीच्या डेना व्हाइट यांच्याकडे. त्यांचं म्हणणं सरळ आहे: एक मालक, एक क्रमवारी, एक पट्टा. चाहत्याला हे ऐकून हायसं वाटेल, मलाही पहिल्यांदा वाटलं. अडचण कायद्याची आहे. अलीच्या नावाने २००० साली अमेरिकेत झालेला कायदा प्रमोटरला बॉक्सरचा व्यवस्थापक होऊ देत नाही आणि लढतीची मिळकत बॉक्सरसमोर उघड करायला लावतो. २०२५ मध्ये संसदेत मांडलेल्या दुरुस्ती विधेयकात एकाच कंपनीने क्रमवारी, पट्टे आणि लढती असं सगळं सांभाळायची वाट काढलेली आहे. बदल्यात प्रत्येक फेरीमागे किमान मानधन आणि वैद्यकीय विमा. ज्या पोराला चार फेऱ्यांचे काही शे डॉलर मिळतात, त्याचं यात भलं आहे. वरच्याचं काय? यूएफसीच्या लढवय्यांना कंपनीच्या मिळकतीतला जेमतेम पाचवा हिस्सा मिळत असल्याचं न्यायालयीन कागदपत्रांतून पुढे आलं, आणि त्यांनी केलेला मक्तेदारीविरोधी दावा कंपनीने साडेसदतीस कोटी डॉलर देऊन मिटवला. मेवेदरने एका रात्रीत वीस कोटी डॉलरच्या वर नेले. यूएफसीच्या चौकटीत असं कुणाला कधी जमलेलं नाही. मेवेदरला आपली किंमत लावता आली ती याच पसाऱ्यामुळे, ज्याला आपण एरवी गोंधळ म्हणून नावं ठेवतो.

दरम्यान नवे खेळाडू कुठून येणार, याचं उत्तर नकाशावर सरकत गेलंय. पॅटरसन, अली, फ्रेझर, फोरमन, लेनर्ड, डे ला होया हे सगळे ऑलिंपिकमधून आले. मेवेदरही १९९६ चं कांस्यपदक घेऊन. अमेरिकी पुरुषांनी मात्र २००४ मधल्या आंद्रे वॉर्डनंतर बॉक्सिंगचं सुवर्ण पाहिलेलं नाही. पॅरिस २०२४ मध्ये त्यांच्या वाट्याला एकच कांस्य आलं, आणि उझबेकिस्तानने पाच सुवर्णं नेली. उसिक युक्रेनचा, बिवोलचा जन्म किर्गिझस्तानातला, बेतेर्बिएव चेचन. सोव्हिएत परंपरेतल्या शाळांमधून घोटून तयार झालेली ही माणसं तंत्रात कुणालाही ऐकत नाहीत. पण त्यांना सातत्याने दाखवणारी वाहिनी कोणती? ऑलिंपिकची ती खिडकीही मधल्या काळात बंद व्हायला आली होती. गैरकारभारामुळे ऑलिंपिक समितीने जुन्या आंतरराष्ट्रीय संघटनेची मान्यता २०२३ मध्ये काढून घेतली. नवी ‘वर्ल्ड बॉक्सिंग’ उभी राहिल्यावर कुठे २०२५ मध्ये लॉस एंजेलिस ऑलिंपिकच्या कार्यक्रमात बॉक्सिंगचा समावेश पक्का झाला.

महिलांकडे बघा. केटी टेलर आणि अमांडा सेरानो यांची पहिली लढत एप्रिल २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये झाली, तिथली महिलांची पहिलीच मुख्य लढत. दुसरी माइक टायसन आणि यूट्यूबर जेक पॉल यांच्या तमाशाआधी नेटफ्लिक्सवर कोट्यवधींनी पाहिली, आणि त्या रात्रीचं खरं बॉक्सिंग तेवढंच होतं. तिसरी २०२५ मध्ये परत गार्डनमध्ये. दोघी तीनदा लढल्या, लोकांना दिसल्या, मोठ्या झाल्या. मला वाटतं, पुरुषांच्या प्रमोटरांनी यातून काही शिकायला हरकत नाही.

टायसन-पॉलच्या त्या कार्यक्रमात आपला नीरज गोयतही लढला आणि जिंकला, पण ब्राझीलच्या एका विनोदवीर यूट्यूबरविरुद्ध! भारतात व्यावसायिक बॉक्सिंगची घडी बसवायचा खरा प्रयत्न विजेंदर सिंगने केला. बीजिंग ऑलिंपिकचं कांस्य घेतल्यावर तो २०१५ मध्ये व्यावसायिक झाला. २०१६ मध्ये दिल्लीत आशिया-पॅसिफिक पट्टा, २०१७ मध्ये मुंबईत वरळीच्या एनएससीआयमध्ये चिनी प्रतिस्पर्ध्यावर विजय. सलग बारा लढती जिंकल्यावर मार्च २०२१ मध्ये पणजीला, मांडवीतल्या कॅसिनो-जहाजाच्या छतावर, रशियाच्या लोप्सानने त्याला हरवलं. त्याच्यामागे रांग लागली नाही, आणि त्याचं कारण सोपं आहे. पुण्याच्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटमध्ये, रेल्वेत किंवा पोलिसांत असलेल्या हौशी बॉक्सरला पगार, नोकरी आणि निवृत्तिवेतन असतं. व्यावसायिक झाला, की त्याचा माल त्यानेच विकायचा.

निवृत्तिवेतनाची गोष्ट निघालीच आहे, तर मोठ्यांच्या निवृत्तीबद्दलही बोलू. या धंद्याचं दुखणं असं, की माणसं निवृत्त होतात आणि परत येतात. जो लुईसवर करांचा डोंगर होता. म्हणून तो १९५० मध्ये परतला, आणि पुढच्या वर्षी मार्सियानोने त्याला दोरांमधून बाहेर फेकलं. नंतर त्याने पोटासाठी खोट्या कुस्त्या केल्या, लास व्हेगासच्या कॅसिनोत येणाऱ्या-जाणाऱ्यांशी हात मिळवायची नोकरी केली. टायसन २०२४ मध्ये ५८ व्या वर्षी ३१ वर्षांनी लहान पॉलसमोर उभा राहिला. दोन-दोन मिनिटांच्या आठ फेऱ्या, आणि नेटफ्लिक्सच्या म्हणण्यानुसार सहा कोटी घरांत ते दिसलं. पॅकियाओला जून २०२५ मध्ये बॉक्सिंगच्या हॉल ऑफ फेममध्ये जागा मिळाली. पुढच्याच महिन्यात, ४६ व्या वर्षी आणि चार वर्षं रिंगबाहेर राहिल्यावर, तो जागतिक विजेतेपदासाठी मारिओ बॅरियोसशी लढला आणि बरोबरीत सुटला. चाहते खूश होते. मला प्रश्न पडतो तो त्या वजनगटातल्या पंचवीस वर्षांच्या आव्हानवीराचा. रांगेतली त्याची जागा त्या रात्री एका आठवणीने घेतली. सगळ्या अमेरिकेत बॉक्सरसाठी सरकारी निवृत्तिवेतन योजना एकट्या कॅलिफोर्नियात आहे. बाकीच्यांची पेन्शन म्हणजे पुनरागमन.

मग आज ज्याच्याकडे बोट दाखवावं असा कोणी आहे का? आहे, जपानचा नाओया इनोउए. दोन वजनगटांत निर्विवाद जगज्जेता. अंगकाठी लहानखुरी, पण ठोसा असा, की प्रतिस्पर्ध्यांचे चेहरे बदलतात. मे २०२४ मध्ये त्याने टोकियो डोममध्ये लुइस नेरीला आडवं केलं. १९९० मध्ये टायसनला बस्टर डग्लसने धूळ चारल्यापासून तिथे बॉक्सिंगची लढत झालीच नव्हती. २०२५ मध्ये इनोउए चार वेळा लढला: टोकियो, लास व्हेगास, नागोया, रियाध. इतर बहुतेक बडे खेळाडू दोन वर्षांत मिळूनही यापेक्षा जास्त लढत नाहीत. लास व्हेगासमध्ये रामोन कार्देनासने त्याला खाली पाडलं, तो उठला आणि त्याने कार्देनासला संपवलं. लोक त्याच्यावर जीव टाकतात ते यासाठी. जपानमधलं बॉक्सिंगही निष्पाप नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये टोकियोच्या कोराकुएन हॉलमधल्या एकाच कार्यक्रमात लढलेले दोन बॉक्सर मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले, आणि तिथल्या नियामकांनी आशियाई विजेतेपदाच्या लढती बारावरून दहा फेऱ्यांवर आणल्या.

इनोउए घडला तो फुजी टीव्हीवर, म्हणजे जपानच्या फुकट दिसणाऱ्या वाहिनीवर. पोरसवदा असल्यापासून त्याच्या विजेतेपदाच्या लढती तिथे दिसायच्या. नोव्हेंबर २०१९ मध्ये सैतामात नोनितो डोनेअरविरुद्ध, डोळ्याजवळचं हाड मोडलेलं असताना, तो बारा फेऱ्या लढला, तीही लढत देशाने घरी बसून पाहिली. २०२२ मधली डोनेअरविरुद्धची दुसरी लढत मात्र ॲमेझॉन प्राइमवर होती, आणि त्यानंतरच्या त्याच्या लढतीही टीव्हीवरून स्ट्रीमिंगकडे गेल्या. मानधन वाढलं, हॉल मोठे झाले, परदेशी प्रतिस्पर्धी येऊ लागले. इनोउएला त्याने काही फरक पडत नाही, त्याचं नाव आधीच झालेलं आहे. आज दहा-बारा वर्षांचा असलेला जपानी मुलगा मात्र घरातल्या टीव्हीची बटणं दाबत बसला, तर त्याला बॉक्सिंग सापडेलच असं नाही. त्यासाठी बहुधा आधी आईबापांकडे वर्गणी मागावी लागेल.